पप्पांचं लाल कुलूप

माझे पप्पा, महिपती, बावीस वर्षं रोह्याच्या एका केमिकल कंपनीत फिटर आहेत. पंपाचं काम निघालं की आधी त्याच्या स्विचला आपलं लाल कुलूप लावायचं, त्यावर नावाची पाटी अडकवायची आणि किल्ली अंगावर ठेवायची. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. मॅनेजर आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्यांचे दोस्त काळुरामकाका यांच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली आहेत, कारण त्यांचं कुलूप एकदा भलत्यानेच घाईत काढलं आणि पंप सुरू केला. नियम चांगला आहे, मला शंभर टक्के मान्य आहे. पण तो पंपासाठी आहे. आमच्या ओटीवरच्या कॉम्प्युटरने आजवर कुणाचं नखही तोडलेलं नाही.

त्याने तोडली ती पप्पांची अब्रू. पेणजवळच्या आमच्या गावात गणपतीत रोज वेगळ्या घरची मंडळी आरतीला येतात. मागच्या वर्षी सगळ्यांना शब्द दिसावेत म्हणून माझ्या भावाने, आदर्शने, कॉम्प्युटर मखराशेजारी आणून ठेवला. ऐन आरतीत पडद्यावर रमीची जाहिरात उघडली, आणि तिच्यात एक बाई, अंगावर असून नसल्यासारखे कपडे. टाळ्या थांबल्या नाहीत, पण नजरा सगळ्यांच्या तिकडेच. आजी मोठ्याने म्हणाली, "कोण गो ही? थंडी नाय वाजत हिला?" पप्पांनी हातातलं तबक आईकडे दिलं आणि वायरच उपटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नको त्या साइट बंद करणारं काहीतरी कॉम्प्युटरमध्ये टाकून घेतलं. पासवर्ड फक्त त्यांना माहीत. एवढ्यावर थांबले असते तर मी काही बोलले नसते. पण पप्पांना नको त्या साइट शोधत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी सगळ्याच बंद केल्या आणि लागेल ती उघडून द्यायची असं ठरवलं. त्यासाठी कंपनीसारखं परमिट. वहीतून रेघा मारलेला कागद: काम काय, धोका काय, किती ते किती वाजेपर्यंत, सही. मुदत एका शिफ्टची, म्हणजे आठ तास. कॉम्प्युटरच्या कोपऱ्याला कंपनीतली एक जुनी पाटीही अडकवली, 'हात लावू नका. आत माणूस आहे.' आत कुठला माणूस, असं विचारलं तर माझ्याकडे बघून चष्मा पुसायला लागले. एकदा वैतागून आईने परमिट भरलं: काम, ढोकळा. धोका, फसला तर तुम्हालाच खावा लागेल. पप्पांनी गंभीरपणे वाचून सही केली.

माझ्यावर वेळ येईपर्यंत मी हसत होते.

बारावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं, अलिबागला. घरापासून जवळ, आणि मार्क पहिल्या फेरीत नंबर नक्की लागेल असे. फक्त पसंतीची कॉलेजं भरून अर्ज पक्का करायचा होता, शेवटची तारीख मंगळवार, संध्याकाळी पाच. सोमवारी परमिट घेऊन बसतेय तोच लाईट गेली. आली तेव्हा आठ तास संपले होते. पप्पांना म्हटलं, "पुन्हा उघडा." म्हणाले, "रातचं परमिट नाय. सकाळी जाताना उघडतो." सकाळी कंपनीची बस दहा मिनिटं लवकर आली आणि ते तसेच पळाले.

पडद्यावर लाल पान. 'हे पान बंद आहे. महिपती यांची परवानगी घ्या.' खाली बटण. दाबलं की विनंती पप्पांच्या मोबाईलवर जाणार, आणि मोबाईल कंपनीच्या गेटवर लॉकरमध्ये बंद, कारण आत मोबाईल नेत नाहीत. तरी मी ते बटण नऊ वेळा दाबलं. चिडलेला माणूस दुसरं काय करणार?

माझ्या साध्या फोनवर नेट नाही, म्हणून पेणला जाऊन सायबर कॅफेत बसले. तिथे साइट उघडली. कॉलेजं भरली, अलिबाग पहिलं. शेवटी ओटीपी मागितला, तो गेला पप्पांच्याच नंबरवर. "तुझा नंबर कुठंबी द्यायचा नाय, नको ती माणसं फोन करतात," असं म्हणून अर्जावर त्यांनी स्वतःचाच टाकला होता. जाहिरातीतल्या त्या बाईपासून मला वाचवायला निघालेला माणूस माझ्याच वाटेत आडवा पडला होता. मी पाच-सहा वेळा ओटीपी पाठवून बघितला, अर्ज तसाच ठेवायला लावला आणि रोह्याची एसटी पकडली. ओटीपी मिळाला की कॅफेवाल्याला फोनवर सांगायचा, एवढंच.

गेटवर पोचले तेव्हा सव्वातीन. निकेश नावाचा गार्ड म्हणाला, "घरी काय झालाय काय? तसा असंल तरच आत फोन लावतो."

क्षणभर आजीचं नाव ओठावर आलं. पण खोटं सांगून पप्पांना पळत आणायचा धीर झाला नाही. खरं तेच सांगितलं, आणि माझा चेहरा बघून त्याने आत फोन लावून माझ्या हातात दिला.

"अपेक्षा? आजी बरी हाय ना?"

"सगळी बरी हायत. पप्पा, ओटीपी पायजे. पाचच्या आत."

पप्पा म्हणाले, "टाकीत दोघं उतरलेत साफ करायला. पंपाला माझं कुलूप हाय. ते वर आल्याबिगर मला जागा सोडता येनार नाय."

"मग लॉकरची किल्ली पाठवा कुनाकडं तरी!"

"ती कुलपाच्या जुडग्यातच हाय गो. ते जुडगं अंगावरून काढत नाय."

मला भांडायचं होतं. पण काय भांडणार? आत दोन माणसं होती. घरी इतके महिने जो नियम वेडेपणाचा होता तो इथे बरोबर होता, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. मी बाकावर बसले. दहा पावलांवर लॉकर होता, त्यात मोबाईल, त्यात माझं अलिबाग. पाच वाजले. कॅफेवाल्याचा फोन आला, "ताई, बंद झालं."

पप्पा पावणेसहाला आले, हेल्मेट काखेत, कपडे घामाने चिकटलेले. "आलं दोघं वर," म्हणाले. त्यांनी लॉकर उघडला, मोबाईल चालू केला. टिंग, टिंग, टिंग, थांबेचना. हात लांब धरून ते एकेक मेसेज वाचायला लागले. सहा ओटीपी होते.

"यातला कंचा चालंल?"

"एकबी नाय, पप्पा."

तरी त्यांनी सहाही वाचले.

घरी आल्यावर हातपायही न धुता ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि पासवर्ड टाकला. साइट उघडली. पहिली फेरी संपली होती. दुसरीत अलिबाग उरेल याची आशा मला नव्हती, तसं मी त्यांना सांगूनही टाकलं. ते म्हणाले, "नंबर बदल. तुझा टाक."

मी माझा नंबर टाकला. बदल पक्का करायला ओटीपी जुन्याच नंबरवर गेला. पप्पांच्या हातातला मोबाईल वाजला. ते उभे राहिले आणि एकेक आकडा सांगायला लागले, हळू, प्रत्येक दोनदा, मी टाकेपर्यंत थांबून.

हे आकडे चालले.