गांगुर्डेबाईंचा काळा कागद

आमच्या वाचनालयाच्या दाराशी चाकाच्या खुर्च्यांसाठी एक उतार बांधलेला आहे. ठेकेदाराच्या कृपेने तो इतका उभा झाला, की त्यावरून आजवर एकही चाकाची खुर्ची वर आलेली मी पाहिली नाही. पण दर एप्रिलमध्ये गांगुर्डेबाई त्या उतारावर शेततळ्याचा काळा प्लास्टिकचा कागद अंथरायच्या, त्यावर भांडी घासायच्या साबणाचं पाणी ओतायच्या आणि जमलेल्या पोरांना म्हणायच्या, "या, चढून दाखवा."

फुकटात घसरगुंडी मिळाल्यावर पोरांना आणखी काय हवं! चांगली धट्टीकट्टी पोरं अर्ध्यावर जाऊन गुडघ्यांवर आपटायची आणि पोटावरून सरकत खाली यायची. मग बाई त्यांना एकमेकांचे हात धरून साखळीने चढायला लावायच्या. वरचा एक घसरला की सगळी माळ खाली. हसण्याचा नुसता कल्लोळ व्हायचा. तो ओसरेपर्यंत बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

"हसून झालं? आता खाली पाणी आहे असं समजा. दोन पुरुष खोल. सांगा, तुमच्यातलं कोण घरी गेलं?"

पोरं एकमेकांकडे बघायची.

"कोणीही नाही," बाईच उत्तर द्यायच्या. "चला, पाय धुऊन आत या. गोष्ट वाचायची आहे."

हा आमचा उन्हाळी वाचनवर्ग. मी देवघेवीच्या टेबलावर, बाई बालविभागात. अंगाने किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि आवाज असा, की 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्याच डोक्यावर टांगलेली असल्याचं पाहून नवे सभासद हसायचे. वर्ग त्या मुद्दाम एप्रिलअखेर ठेवायच्या. मे लागला की नाशिकची निम्मी पोरं मामाकडे जातात; कोणी निफाडकडे, कोणी दिंडोरीकडे. तिथे द्राक्षबागेला पाणी पुरवायला शेततळी असतात. पाणी जिरू नये म्हणून तळ्याला आतून हा काळा कागद लावलेला असतो. त्यावर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. विहिरीला निदान पायऱ्या असतात, कपारी असतात. तळ्याला काहीच नसतं.

वर्गात बाई गोष्टी वाचून घ्यायच्या त्याही पाण्याच्याच. नदीच्या, पुराच्या, होडीच्या. अशा गोष्टींत एक शूर मुलगा हमखास असतो. मित्र बुडू लागतो, हा मागचापुढचा विचार न करता उडी घेतो, मित्राला काठावर आणतो आणि शेवटच्या पानावर त्याचा सत्कार होतो. वाचणारा पोरगा उडीपाशी आला की बाई टेबलावर थाप मारायच्या.

"थांब! उडी मारली? मेला. दोघंही मेले. गोष्ट संपली. आता परत सांग. काय करायचं होतं?"

"आधी ओरडायचं, मग हाताला येईल ते फेकायचं, मग परत ओरडायचं," पोरं एका सुरात म्हणायची.

"आणि?"

"उतरायचं नाही!"

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर ठीक होतं. त्यांनी बालविभागातली असली सगळी पुस्तकं शोधून काढली आणि उडीच्या पानावर स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या डकवल्या : 'हे खोटं आहे. असं करू नये.' आमचे कार्याध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. त्यांचा तिळपापड झाला. "गांगुर्डेबाई, ही साहित्यात ढवळाढवळ झाली! मुलांना शौर्य शिकवायचं की भेकडपणा?"

"सर, शौर्य शिकवून झालंय माझं," बाई म्हणाल्या आणि खळीचा डबा बंद करून उठल्या. सर आपल्या खोलीत निघून गेले. त्यांना माहीत होतं. आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं.

बाईंना एकच मुलगी होती, मयूरी. नवरा लवकर गेलेला, त्यामुळे मायलेकी दोघीच. मयूरी वाचनात हुशार. शाळेच्या वाचनस्पर्धेसाठी बाईंनी तिला पुरात उडी घेणाऱ्या शूर मुलाची गोष्ट निवडून दिली, घरी रोज म्हणून घेतली. पोरीने पहिला नंबर काढला. त्याच सुट्टीत ती मावशीकडे गेली. मावसभाऊ तळ्यात घसरला आणि मयूरीने मागचापुढचा विचार केला नाही. दोघांना एकाच खाटेवरून आणलं. बाईंनी हे मला एकदाच सांगितलं, पुस्तकं झटकता झटकता. "भाऊ, तिला पोहता येत नव्हतं हे तिलाही माहीत होतं. पण गोष्टीत कुठे लिहिलं होतं, पोहता यायला लागतं म्हणून?" मी पुढचं कपाट उघडून दिलं.

वर्गात प्रज्ञा नावाची एक मुलगी यायची. पंचवटीपलीकडच्या वसाहतीतली, आई धुणीभांडी करणारी, वडील कारखान्यात ठेक्यावर. ही पोर बाईंची अगदी लाडकी. बाई जे सांगतील ते ती शब्दशः करायची. एका सुट्टीत तिने मामाचं डोकं खाऊन खाऊन त्याच्या तळ्यावर गाठी मारलेला दोर बांधून घेतला आणि परत आल्यावर बाईंना ऐटीत सांगितलं. बाईंनी तिला सगळ्या वर्गापुढे उभं केलं. मग दोराविषयी त्यांचं नेहमीचं भाषण झालं : "तळ्याचा दोर तळ्यालाच राहिला पाहिजे. गुरं बांधायला नाही, कपडे वाळत घालायला नाही. घरातल्या मोठ्यांनाही बजावून सांगा. मोठी माणसंच सोडून नेतात."

पुढच्या मे महिन्यात प्रज्ञा आईबरोबर आणि धाकट्या भावाबरोबर मामाकडे गेली. आर्यन त्याचं नाव, दुसरीतला. चेंडू काढायला म्हणून तो कागदावरून उतरला आणि सरकत पाण्यात गेला. प्रज्ञा बांधावर होती. ती ओरडली. दोराकडे धावली तर खुंटीला दोर नव्हता. तिने मोकळा कॅन फेकला, तो वाऱ्याने भलतीकडे गेला. ओढणी फेकली, ती पोचली नाही. ती पुन्हा ओरडली. माणसं बागेत होती, पण औषध मारायचा ट्रॅक्टर चालू होता, त्या आवाजात कोणाला काही ऐकू आलं नाही. ती घसा फुटेपर्यंत ओरडत राहिली आणि उतरली नाही. माणसं आली तेव्हा आर्यन दिसतही नव्हता.

बातमी कळली तशी बाई म्हणाल्या, "भाऊ, गाडी काढा." मी त्यांना स्कूटरवरून वसाहतीत घेऊन गेलो. घरात बायाबापड्या दाटीने बसल्या होत्या. दारातच कोणीतरी कुजबुजलं, "सख्खी बहीण, अन् काठावरून बघत राहिली." बाईंनी ऐकलं. चप्पल काढून त्या आत गेल्या आणि प्रज्ञाच्या आईसमोर, नंदाताईंसमोर, जमिनीवर बसल्या.

"तुम्हीच का त्या लायब्रीवाल्या बाई?" नंदाताईंचे डोळे कोरडे होते. "काय शिकवलं ओ माझ्या पोरीला? भाऊ बुडत होता अन् ही फेकाफेकी करत बसली! दगड केली तुम्ही माझी पोर."

बाईंनी स्वतःची बाजू मांडली नाही. त्या म्हणाल्या, "माझी मयूरी उतरली होती. बहिणीच्या मुलाला काढायला. दोघंही गेली. मला घरात हाक मारायला कोणी राहिलं नाही, नंदाताई."

"मंग? मी काय सोताला नशीबवान समजू?"

बाई उठून आतल्या खोलीत गेल्या. प्रज्ञा गव्हाच्या कोठीला टेकून बसली होती. घसा इतका बसलेला, की शब्द ऐकायला खाली वाकावं लागत होतं. "बाई, मी ओरडले."

"मला माहीत आहे. तू बरोबर केलंस."

पोरीने बाईंकडे बघितलंच नाही. ती दारातून आईकडे बघत होती.

परत येताना मला राहवलं नाही. मी म्हणालो, "पण दोर गेला कुठे? कोणी नेला ते कोणी विचारत कसं नाही?" बाई मागून एकदम तीक्ष्ण आवाजात बोलल्या, "भाऊ, हे कधीही विचारायचं नाही. ज्याने नेला त्याला माहीत आहे." पंचवटीच्या वळणावर सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा हळूच म्हणाल्या, "तू बरोबर केलंस, हे मी सांगून उपयोग नाही. आईने म्हणायला हवं. नाहीतर ही पोर जन्मभर त्या बांधावरच उभी राहील."

त्यानंतर बाईंनी दुसरं काही मनावर घेतलं नाही. सुट्टीच्या दिवशी त्या नंदाताईंकडे जायच्या. सुरुवातीला नंदाताई पाणीसुद्धा विचारत नसत. बाई उंबऱ्याशी बसायच्या, लसूण सोलून द्यायच्या, परत यायच्या. पुढे चहा मिळू लागला. ते वाक्य काही मिळालं नाही. प्रज्ञा वाचनालयात यायची बंद झाली. पुढच्या एप्रिलमध्ये कार्याध्यक्ष मला म्हणाले, "यंदा बाई वर्ग घेतील असं वाटत नाही." पण बाईंनी कागद अंथरला, साबणाचं पाणी ओतलं. आवाज मात्र उतरला होता. गोष्टीतल्या उडीपाशी त्यांनी थाप मारली नाही. पुस्तक अलगद मिटलं आणि पोरांना विचारलं, "जो उतरला नाही, ओरडत राहिला, आणि तरीही कोणी वाचलं नाही, त्याला तुम्ही काय म्हणाल?" एक चुणचुणीत पोरगा म्हणाला, "घाबरट." बाई चष्मा पुसत बसल्या. पुढचा सबंध तास त्यांनी तेवढ्या एकाच प्रश्नावर घालवला. जाताना प्रत्येक पोराकडून वदवून घेतलं, "तू बरोबर केलंस." पोरं कंटाळली, तरी सोडलं नाही.

थंडीत बाई गेल्या. हृदयविकाराचा झटका, सकाळी, घरात एकट्या. शेजारणीने दार वाजवलं तेव्हा कळलं. मी रडलो, खोटं कशाला बोलू? बालविभागाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. कपाटात तो काळा कागद नीट घडी घालून ठेवलेला होता.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम वाचनालयाच्याच सभागृहात ठेवला. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली. पुस्तकांतल्या त्या चिठ्ठ्यांपैकी एकही काढणार नाही, असं कार्याध्यक्षांनी जाहीर केलं. मागच्या रांगेत नंदाताई बसल्या होत्या, शेजारी प्रज्ञा. ती दीड वर्षात ओळखू न येण्याइतकी उंच झाली होती. आणखी कोणाला बोलायचंय का, असं विचारल्यावर नंदाताई उभ्या राहिल्या. माइककडे गेल्या नाहीत. जागेवरूनच बोलल्या.

"बाई माझ्या घरी यायच्या. मी त्यांना कधी धड बोलले नाय. त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट पाहिजे होती. ती मी पोरीला म्हटली असती तर पुढचं पण बोलावं लागलं असतं. म्हणून तोंड उघडलं नाय मी." त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "लोक पोरीला नावं ठेवत होते, मी ठेवू दिली. मला ते बरं पडत होतं."

नंदाताई लेकीकडे वळल्या.

"प्रज्ञा, तू उतरली नाय, ते बरोबर केलं. तळ्याचा दोर मी सोडून नेला होता. गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. कावळे बसू नाय म्हणून वरून साडी बांधायची होती. म्हटलं, संध्याकाळी परत लावू."

प्रज्ञा म्हणाली, "माहीत आहे, आई. साडी बांधलेली दिसत होती मला तळ्यावरून."

नंदाताई खाली बसल्या. पोरीने त्यांचा हात धरला. व्यासपीठावर बाईंचा फोटो होता, त्याला हार घातलेला. दीड वर्ष ज्यासाठी त्यांनी उंबऱ्याशी बसून लसूण सोलला, ते ऐकायला तेवढ्या त्याच नव्हत्या.