आसरांच्या विहिरीवरची इंदूआत्या

दत्तूचा फोन आला तेव्हा मी घोडेगावच्या घरी पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. दत्तू म्हणजे इंदूआत्याचा मुलगा. "ताई, आई गेली," तो म्हणाला, आणि मी काही विचारायच्या आत घाईने पुढे बोलला, "घरात गेली. पोहून आली, चहा पिली, खाटंवर पडली... पान्यात न्हाई गेली." रडतारडता माणूस असं का सांगतो, ते परक्याला कळणार नाही. मला कळलं, आणि डोळे पुसताना हसूही आलं. आत्याची तशी ताकीदच होती. "मी पान्यात मेले तर गाव म्हनंल, आसरांनी नेली. मंग माझ्याकडं पोहाय शिकनाऱ्या पोरींना विहिरीत कोन उतरू देईल?"

आत्या आमच्या घोड नदीच्या पाण्यात वाढलेली. लग्न होऊन ती बोरी बुद्रुकला गेली, तर तिथे मळ्यातल्या विहिरीच्या काठी साती आसरांचे शेंदूर फासलेले दगड. या पाण्यातल्या देवता पोरीबाळींना ओढून नेतात, असा धाक. मुलगे खुशाल मुटके मारायचे, मुली काठावर धुणं आपटायच्या. एकदा एक मुलगी पाय घसरून आत पडली. आत्याने नेसत्या लुगड्यानिशी उडी टाकून तिला वर काढलं, आणि त्या दिवसापासून गावातल्या मुलींना पोहायला शिकवायचंच, हे तिच्या मनाने घेतलं. सासूबाई मात्र ऐकेनात. "देवीच्या पान्यात बायामान्सानं उतरू न्हाई," एवढंच त्यांचं म्हणणं.

तेव्हा मी आत्याकडे राहून ओतूरच्या कॉलेजात जात होते. बोलण्यापेक्षा शब्दकोश चाळण्यात मला गोडी. कॉलेजच्या ग्रंथालयात पाहिलं, तर आसरा हा शब्द अप्सरा यावरून आलेला. अप् म्हणजे पाणी, सृ म्हणजे सरणं, वावरणं. स्वर्गात नाचायला त्या नंतर गेल्या असाव्यात. मुळात त्या पाण्यात वावरणाऱ्या. संध्याकाळी भाकरी थापणाऱ्या आत्याला मी हे भीतभीत सांगितलं. तिचा हात परातीतच थांबला.

"म्हंजी पोहनाऱ्या बायाच की गं," ती म्हणाली, आणि तशाच पिठाच्या हाताने ओसरीवर सासूबाईंकडे गेली. "आत्याबाई, आसरा सोता पोहत्यात. आपल्या पोरी पोहल्या तर त्यांना राग का यावा? उलट सोबत व्हईल."

सासूबाईंनी वळलेली वात तबकात ठेवली. मग म्हणाल्या, "आन त्यांची ओटी भरल्याबिगर पान्यात पाय घालायचा न्हाई. पुस्तकात काय बी लिवलेलं असू दे."

तेव्हापासून रिवाजच पडला. नवी मुलगी आली की आधी खण-नारळाने आसरांची ओटी, दहीभाताचा नैवेद्य, मग तरंगायला पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून पाण्यात. नारळाचं खोबरं पोहून वर आल्यावर. त्या खोबऱ्याच्या आशेने कितीजणी पोहायला शिकल्या असतील, देव जाणे. पुढे माझ्या वाचनात आलं, की अप्सरा शब्दाच्या मुळाविषयी एकमत नाही. कुणी त्याचं नातं पाण्याऐवजी रूपाशी जोडतात. मी आत्याला ते मुद्दाम सांगितलं. "लई उशीर झाला बाई तुला," ती केस पिळत म्हणाली. "पोरी पोहून पार झाल्या. आन रूपाचं म्हनशील, तर पान्यातनं वर आलेली पोरगी बघ की... कशी दिसती."

तेरावं झाल्यावरच्या रविवारी मी मळ्याकडे गेले. मनात धाकधूक होती. आता या मुलींना कोण उतरू देणार? विहीर दिसायच्या आधीच पाण्याचा धबाधबा आवाज ऐकू आला. काठावर शेजारच्या सुमनकाकू बसल्या होत्या. त्यांनी आजवर आपल्या नातीला विहिरीकडे फिरकूही दिलं नव्हतं. आज तीच नात पाण्यात होती, तिच्या कमरेला आत्याचा जुना सोल बांधलेला, आणि त्या दोराचं दुसरं टोक काकूंनी मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरलेलं.

"पाय हालव, पाय. दगुड हायेस का तू?" काकू ओरडत होत्या. शब्द आत्याचे, हेलही तिचाच.

"काकू, तुम्हाला पोहता येतं?" मी विचारलं.

"न्हाई बा," दोरावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "पर इंदूला शिकिवताना रोज आयकलंय ना."