पहिलं पाऊल लाभाचं

“मूठ दाखवा, सर.” फळ्यावर कुठलंही सूत्र लिहिलं की अप्पा हेच म्हणत आणि स्वतःची मूठ पुढे धरून हळूहळू उघडत. बाजारात त्यांची धान्याची आडत होती. पोत्यातलं मूठभर सोयाबीन तळहातावर पसरून पाहिल्याशिवाय ते भाव बोलत नसत, आणि माझ्या गणितालाही त्यांनी तोच नियम लावला होता. आधी उदाहरण दाखवा, मग सूत्राचं काय ते सांगा.

लातुरात शिकवणीला कोण जातं हे तुम्हाला ठाऊकच आहे. सोळा-सतरा वर्षांची पोरं, पाठीवर दप्तर, डोक्यात प्रवेश परीक्षा. साठी ओलांडलेला माणूस जात नाही. म्हणून एका रविवारी सकाळी कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले अप्पा माझ्या दारात चपला काढू लागले, तेव्हा मला वाटलं, नातवाच्या फीची चौकशी असेल. ते म्हणाले, संभाव्यता शिकायची आहे. कुणाला, असं मी विचारलं, तर त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

कारण त्यांनी चहा गार होईपर्यंत सांगितलं नाही. त्यांची एकुलती एक मुलगी बंगळुरूला नोकरी करत होती. शेअर आणि वायदे बाजारातल्या व्यवहारांची किंमत गणिताने काढायची, हे तिचं काम. ती हे शिकायला निघाली तेव्हा अप्पांनी चार पाहुण्यांदेखत त्याला ‘सट्ट्याचं शिक्षण’ म्हणून तिचा पाणउतारा केला होता. त्यांच्या थोरल्या भावाने तेजी-मंदीच्या नादात घरची जुनी आडत घालवली होती आणि वायदा हा शब्दसुद्धा त्या घरात कुणी काढत नसे. मुलगी तेव्हा एवढंच म्हणाली होती, की अप्पा, आधी समजून घ्या, मग बोला. त्यानंतर फोनवर जेवणाखाणाची चौकशी व्हायची आणि फोन ठेवला जायचा. आई हयात नव्हती, मध्ये पडायला कुणी उरलं नव्हतं.

“सट्टा असंल तर तसं सांगा सर,” अप्पा म्हणाले. “नसंल, तर मी लई चुकलोय.”

आता गंमत अशी, की तो विषय मला तरी कुठे येत होता? नांदेडला शिकताना संभाव्यतेच्या पेपरात मी कसाबसा तरलो होतो. वित्ताच्या गणिताशी माझी तोंडओळखही नव्हती. पण समोरचा माणूस असा हात जोडून बसल्यावर नाही म्हणवेना. आठवडाभर मी वाचायचं आणि रविवारी त्यांना सांगायचं, असं ठरलं.

मुलगी ज्याची किंमत काढते तो ऑप्शन म्हणजे काय, हे मी अर्धा तास सांगत होतो. ठरलेल्या भावाने माल घ्यायचा हक्क विकत घ्यायचा, पण माल घ्यायची सक्ती नाही. अप्पा म्हणाले, म्हणजे इसार. सौदा नको वाटला तर आगाऊ दिलेला इसार सोडायचा. मी हो म्हटलं. मग तो इसार किती असावा, हे कशावरून ठरवायचं, असं त्यांनी विचारलं, आणि तिथून खरी शिकवणी सुरू झाली.

भाव कसा हलतो ते दाखवायला मी व्हरांड्यातल्या फरशा वापरल्या. आतून मी नाणं उडवून ओरडायचं. छापा पडला तर अप्पांनी एक फरशी पुढे जायचं, काटा पडला तर एक मागे. दहा वेळा झालं की जिथे उभे असतील त्या फरशीवर सोयाबीनचा एक दाणा ठेवायचा आणि पुन्हा सुरुवातीच्या फरशीवर यायचं. खेळ दोन्ही बाजूंना सारखा असेल, तर दाणे त्या फरशीच्या पुढेमागे सारखेच पडायला हवेत. धोतर सावरत पुढेमागे करणारे अप्पा बघायला पोरं जिन्यात जमायची. अप्पांना त्याचं काही नव्हतं.

पण दर रविवारी दाण्यांचा पसारा एका फरशीने पुढेच सरकलेला असायचा. मी नाणं बदललं. मग दुसऱ्याचं नाणं आणलं. पुस्तक पुन्हा वाचलं, झोप उडाली. शेवटी एका मुलाला नाणं उडवायला बसवून मी बाहेर येऊन उभा राहिलो. आतून आवाज आला, “काटा.” अप्पा “लाभ” म्हणाले आणि शांतपणे पुढच्या फरशीवर गेले.

आडतीत पोती मोजताना पहिल्याला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात, आणि मग दोन, तीन. जन्मभराची सवय. काटा पडला असताना पुढे का गेलात, असं मी विचारलं.

“पयलं पाऊल मागं कसं टाकावं, सर?”

मी म्हटलं, अप्पा, किंमत काढताना भाव वरच जाईल असं धरून चालत नाही. पहिलं पाऊलसुद्धा मागे पडू शकतं, हे मान्य केलं तरच इसार बरोबर निघतो. तुमची मुलगी दिवसभर हेच करते.

ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

“माझा भाऊ,” ते म्हणाले, “जलमभर पयलं पाऊल पुढंच धरून चालला.”

तिथेच बसून त्यांनी मुलीला फोन लावला. चुकलो गं, एवढं मला ऐकू आलं. सट्टा करणारा भाव वरच जाणार असं धरून बसतो, तू तसं धरत न्हाईस, हे मला आता कळलं, असं ते तिला सांगत होते. मग ते नुसते हाव, हाव म्हणत ऐकत राहिले. मी उगाच फळा पुसायला आत गेलो.

महाशिवरात्रीच्या जत्रेला ती आली. तो आमचा शेवटचा वर्ग. आता दर रविवारी सकाळी ते फोनवर तिच्याकडूनच शिकतात आणि माझ्या दारात त्यांच्या चपला नसतात, याची मला चुटपुट लागते. त्या दिवशी अप्पांनी तिला आधी फरशा दाखवल्या. ती आत माझ्या खुर्चीत बसली आणि तिने नाणं उडवलं.

“काटा, अप्पा,” ती म्हणाली.

अप्पा क्षणभर थांबले. मग धोतराचा सोगा उचलून त्यांनी मागच्या फरशीवर पाय ठेवला आणि म्हणाले, “लाभ.”