कवितेत मेलेली मावशी

आपण मेलो हे मावशीला कळलं तेव्हा ती वाचनालयात उभी होती आणि तिच्या खांद्यावर वेताच्या पट्ट्यांची जाडजूड गुंडाळी होती.

वाचनालयाला वर्षातून एकदा मोठी सुट्टी असायची, पुस्तकं बदलून देणं तेवढं चालू राहायचं. सुट्टी लागली की सभागृहातल्या खुर्च्या मावशीकडे यायच्या. वाचकांनी बसून बसून वेताच्या बैठकांचे पार खड्डे केलेले असायचे. मावशी जुना वेत कापून काढायची आणि नवा विणायची. बहिणीचं पोरकं पोर तिने ह्याच कामावर वाढवलं, शिकवलं, कॉलेजात प्राध्यापक केलं. तो मावशी म्हणायचा म्हणून सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. जीभ फटकळ होती, पण हाताला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती.

यंदा सुट्टी लागली तरी वाचनालयाचा निरोप आला नाही. म्हणून ती आपणच चौकशीला गेली, तर काय, सगळ्या खुर्च्यांवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या ताणून बसवलेल्या! एक तेवढी फाटकी खुर्ची कोपऱ्यात पडली होती. ग्रंथपाल लगबगीने उठले. तिला पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश, मोठ्याने बोलू लागले. आता तुम्ही आराम करा म्हणाले. आम्हाला सगळं कळलंय, कशाला उगाच त्रास द्यायचा म्हणाले.

काय कळलंय, असं तिने विचारलं, तेव्हा त्यांनी तिच्या हातात एक पुस्तक ठेवलं. वर भाच्याचं नाव होतं. पुस्तक बदलायला आलेल्या एक बाई डोळे विस्फारून मावशीकडे बघत होत्या. त्यांना वाटलं होतं, त्या मावशी तर गेल्या. ग्रंथपालांनी घाईघाईने खुलासा केला की शेवटची कविता तेवढी कल्पनेतली आहे, बाकीच्या मात्र अगदी खऱ्या आहेत.

मावशीने उभ्याउभ्याच पुस्तक वाचलं. सगळं पुस्तक तिच्यावरच होतं. तिची सुजलेली बोटं होती, जिना चढताना लागणारा दम होता, कवळीचा पेला होता. एका कवितेत ती खुर्चीपुढे बसून विसरून जाते, पट्टी वरून घ्यायची की खालून, आणि भिजवलेला वेत तिच्या मांडीवर वाळत जातो. शेवटच्या कवितेत ती मरते आणि तिच्या रिकाम्या खुर्चीच्या पायाला कोवळी पानं फुटतात. रंधा मारून, पॉलिश करून, चार पिढ्या उन्हापावसापासून लांब राहिलेल्या लाकडाला पानं! ह्यावर तिला हसू यायला हवं होतं. पण कविता चांगल्या होत्या. तीच तर खरी मेख होती. वाईट असत्या तर तिने पुस्तक तिथेच टाकलं असतं आणि चार शिव्या हासडून विषय संपवला असता.

आणि ते विसरणं खरं होतं. मागच्या वर्षी एका दुपारी उभ्या-आडव्या पट्ट्या झाल्या, तिरपी पट्टी घालायला घेतली आणि एकदम डोकं कोरं झालं. थोड्या वेळाने आठवलं, पण तेवढ्यात घाम फुटला होता. भाचा समोर बसून चहा पीत होता. कुणाला बोलू नकोस रे, कामं जातील माझी, असं ती त्याला म्हणाली होती. नाही बोलणार, असं तो म्हणाला होता. बोलला नाहीच तो. छापून मोकळा झाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तशीच ती भाच्याच्या घरी गेली आणि पुस्तक टेबलावर आपटलं. तो गडबडला. मग प्राध्यापक झाला. कवितेतली ती म्हणजे तू नव्हेस, ती म्हणजे वार्धक्य, असं त्याने समजावलं.

"असं? मग वार्धक्याने वाढवलं का रे तुला? वार्धक्याच्या कवळीचा पेला तू कुठे बघितलास?"

तो म्हणाला, आजच्या कवितेत म्हातारपण गोडगोड करून चालत नाही. झीज दाखवावी लागते, शेवट दाखवावा लागतो, तरच त्यातून नवं काही उगवतं. ती मेल्याशिवाय कविता पुरी होत नव्हती. हे तो इतक्या मनापासून सांगत होता की मावशीला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. लहानपणी दिल्या नाहीत ही चूकच झाली, असंही वाटलं.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुष्कळ बघितले मी," ती म्हणाली. "पण लोण्यासाठी आधी जितं माणूस मढं करणारा तूच पहिला. आणि उगवलं ते कुणाचं? पानं मला फुटली का? माझं काम गेलं. फुटली ती तुला."

वाचनालयात जाऊन सांग की मावशी काम करते, तिला काम द्या, एवढंच तिचं मागणं होतं. तो हो म्हणाला. फक्त थोडं थांब म्हणाला. सुट्टी संपली की वाचनालयाच्या सभागृहात त्याच्या कवितांचं वाचन होतं, तेवढं उरकू दे. आणि मग, नजर चुकवत, त्या दिवशी तू आली नाहीस तर बरं, असं म्हणाला. लोक त्या शेवटच्या कवितेला रडतात. तू समोर दिसलीस तर त्यांचा रसभंग होईल.

मावशी जिना उतरली. दम लागला तरी मध्ये थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ग्रंथपालांकडून ती कोपऱ्यातली फाटकी खुर्ची हक्काने मागून नेली. घरी बसून उभ्या-आडव्या पट्ट्या विणून घेतल्या आणि तिरप्या मुद्दाम ठेवल्या. वाचनाच्या दिवशी लोक यायच्या आधीच ती खुर्ची, पाण्याची बादली आणि वेत घेऊन सभागृहाच्या दाराशी जाऊन बसली. शेजारीण तिला निघताना म्हणाली होती, कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतेस, तिथेच विसरलीस तर? ती भीती मावशीला नव्हती असं नाही. पण रागाने भीतीला दाराबाहेर उभं केलं होतं.

लोक आले, थबकले. आत जाईनात. त्या दिवशी पुस्तक बदलायला आलेल्या बाईंनी बाजूच्या बाईला कोपराने डिवचून कानात काही सांगितलं आणि ते दारापासून फाटकापर्यंत गेलं. भाचा आला तो गर्दी सारत आणि मावशीला बघून खांबासारखा उभा राहिला. ती मान खाली घालून विणत होती. पहिली तिरपी ओळ गेली, दुसरी गेली. ग्रंथपाल कौतुकाने वाकून बघू लागले.

तिसऱ्या ओळीला तिचा हात थांबला.

वरून की खालून? डोकं कोरं. पट्टीतून पाणी ठिबकत होतं. कुणाला काही कळलं नाही, कळलं ते फक्त भाच्याला. तो झटकन खाली बसला आणि हळूच तिच्या कानाशी म्हणाला, "मावशी, राहू दे. मी सांगतो ह्यांना, तू दमलीस म्हणून."

"काही सांगू नकोस," मावशी म्हणाली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी विसरलेय. पट्टी वरून घ्यायची की खालून, ते आत्ता मला आठवत नाहीये. आठवेल. थांबा."

आणि लोक थांबले. कुणी खोकलं, कुणी घड्याळ बघितलं. ग्रंथपालांना कुठे बघावं कळेना. मावशीने घातलेली दुसरी ओळ उसवली, मग पहिलीही उसवली, पट्टी पुन्हा बादलीत बुडवली आणि कडेच्या भोकापासून नव्याने सुरुवात केली. बोटं जिथे अडली होती तिथे ह्या वेळी अडली नाहीत. तिसरी ओळ गेली. चौथी गेली. मग तिने मान वर केली. ग्रंथपालांना ती म्हणाली, की पुढच्या वर्षी खुर्च्या पाठवायच्या असतील तर पाठवा, वेळ जास्त लागेल, मध्येमध्ये विसरेनही. नसतील पाठवायच्या तर माझ्या तोंडावर नाही म्हणा, कवितेचं निमित्त नको.

ग्रंथपाल पाठवतो म्हणाले. खरं की भिडेपोटी, ते पुढच्या वर्षी कळणार होतं.

वाचन उशिरा सुरू झालं. भाच्याने शेवटची कविता वाचली नाही, आणि कुणी वाचा असंही म्हटलं नाही. बाहेर येऊन तो तिच्याजवळ उभा राहिला. म्हणाला, "मावशी, नाही वाचली ती."

"पुस्तकात आहे ना?" तिने विचारलं.

त्याने मान डोलावली.

"मग मला काय सांगतोस," मावशी म्हणाली, आणि त्याला बादली उचलायला लावली.