सुट्टीतला इंग्रजी निबंध

वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास आला की मला दहावीआधीचा उन्हाळा आठवतो. इंग्रजीच्या सरांनी सुट्टीत एक कादंबरी वाचून तिच्यावर निबंध लिहायला सांगितला होता. नवेगाव बांध या आमच्या गावी सकाळी आईबरोबर मोह वेचायचा आणि दुपारी अंगणातल्या त्या गोड, उग्र वासात डिक्शनरी घेऊन बसायचं, असं करत मी ते पुस्तक संपवलं. त्यातली आई मुलाला शहरात धाडताना रडत नाही. मी लिहिलं, ती कठोर नाही. आपण रडलो तर तो जाणार नाही, हे तिला कळतं. मला गोंदियाच्या वसतिगृहात सोडताना माझी आईही अशीच कोरड्या डोळ्यांनी वळली होती. सरांनी निबंध वाचून भर वर्गात विचारलं, "काऊन वं, कोणाले बनवून राहिली? मोबाईलवरून उतरवलं ना?" "नाही सर, मीच लिहिलं." "मंग बस इथं, लिहून दाखव." मी त्यांच्यासमोर सगळं पुन्हा लिहिलं. कागदावर नजर टाकून ते म्हणाले, "पाठ करून आली." वर्ग हसला. पुढं वर्षभर मी त्या तासाला तोंड उघडलं नाही. आता मी इंग्रजीत लिहूनच पोट भरते. पण कोणी कौतुक केलं, की आनंद व्हायच्या आधी ते मीच लिहिल्याचा पुरावा शोधायला लागते.