शेवटच्या डब्याची पाटी

देवदत्तचे डोळे जात होते हे त्याच्या बायकोला, जयंतीला, माहीत होतं. रेल्वेला माहीत नव्हतं. रेल्वेला कळवलं आहे, अशी जयंतीची समजूत होती, कारण देवदत्तनेच तिला तसं सांगितलं होतं. हे चौदा महिने चाललं.

रेल्वे म्हणजे एनस्खेडे या डच शहरापासून सायकलने पाऊण तासावर, हौशी माणसांनी राखलेली सात किलोमीटरची एकेरी लाइन. एप्रिल ते ऑक्टोबर, दर रविवारी तिच्यावरून जुनं वाफेचं इंजिन चार डबे ओढत जातं आणि उलट बाजूने एक लाल डिझेल गाडी येते. मधल्या स्टेशनात दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडतात. या स्टेशनाच्या पूर्वेच्या टोकाला विटांची दुमजली केबिन आहे. वरच्या मजल्यावर सिग्नल आणि रूळ बदलायच्या बारा लिव्हर, एक टेलिफोन, एक रजिस्टर, तीन बाजूंना काचा. सहा वर्षं दर रविवारी देवदत्त तिथे बसत होता. पगार नव्हता. सकाळची कॉफी आणि वर्षातून एकदा जेवण, एवढंच.

वय एकोणसाठ. पुण्याहून येऊन तेवीस वर्षं झाली. एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम होतं, तो विभाग बंद झाला तेव्हा तो सत्तावन्नचा होता. त्यानंतर शंभरेक अर्ज केले आणि मग करणं सोडून दिलं. मुलगी संहिता युट्रेख्टला शिकते. ती मराठी सगळं समजते आणि डचमध्ये उत्तर देते. सोमवार ते शनिवार देवदत्त घरात असायचा, म्हणजे नेमकं काय करायचा हे त्यालाही सांगता आलं नसतं. रविवारी मात्र तो पावणेसातला उठून दाढी करायचा.

केबिनचं काम त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्याचे वडील, अण्णा, दौंडला केबिनमन होते. शाळा सुटली की देवदत्त त्यांचा डबा घेऊन जायचा आणि पायऱ्यांवर बसून गृहपाठ करायचा. लिव्हर हातात फडकं घेऊनच ओढायची, घामाचा हात लागला की पोलाद गंजतं, हे तो तिथेच शिकला. इथे पहिल्याच दिवशी त्याने खिशातून फडकं काढलं, तेव्हा रेल्वेचा प्रमुख हर्मेन खूश होऊन म्हणाला होता, "या माणसाला परीक्षा नको."

परीक्षा झालीच. डोळ्यांचीही झाली, तेव्हा ते चांगले होते. पुढची तपासणी या नोव्हेंबरात होती.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये त्याला सायकलवरून समोरच्या माणसाचे खांदे दिसायला लागले आणि चेहरा दिसेना. हाउसआर्ट्स, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टर, बाईंनी तपासून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरने पडद्यावर चित्र दाखवून समजावलं, की मधलं दिसणं हळूहळू जाणार, कडेचं राहणार, आणि या प्रकाराला औषध नाही.

घरी येताना बसमध्ये जयंती म्हणाली, "केबिनचं काय?"

"सांगतो त्यांना."

पुढच्या रविवारी तिने विचारलं, "सांगितलंस ना?"

"सांगितलं. चालेल म्हणाले."

ती पुन्हा विचारणार नाही हे त्याला ठाऊक होतं. इथले लोक अशा बाबतीत फार काटेकोर, असं ती नेहमी म्हणायची. त्यांनी चालेल म्हटलं असेल तर चालत असेल.

चालत नव्हतं, आणि का नव्हतं ते एका गोष्टीवरून कळतं. पूर्वेकडून आलेली गाडी केबिनवरून पुढे जाते, तेव्हा केबिनमधल्या माणसाने तिच्या शेवटच्या डब्यावरची लाल-पांढरी गोल पाटी डोळ्यांनी पाहायची असते. पाटी दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, एखादा डबा सुटून मागे रुळावर राहिलेला नाही. मग रजिस्टरमध्ये वेळ लिहून पुढे खूण करायची, आणि त्यानंतरच स्टेशनात थांबलेल्या दुसऱ्या गाडीला पूर्वेकडे सोडायचं. पाटी न पाहता सोडली आणि मागे डबा असला, तर ती गाडी सरळ त्याच्यावर जाणार. दौंडला अण्णा हीच पाटी बघायचे. भरल्या ताटावरून उठून बघायचे. देवदत्तने त्यांना एकदा विचारलं होतं, "कधी डबा सुटलेला पाहिलात का?" अण्णा म्हणाले, "छत्तीस वर्षांत नाही. म्हणून बघायचं सोडू?"

आणखी एक गोष्ट अण्णांनी शिकवली होती, ती मात्र निव्वळ गंमत म्हणून. केबिनच्या खाली दोन रूळ जिथे जुळतात तिथे फट असते. तिच्यावरून चाकं गेली की आवाज होतो. डोळे मिटायचे आणि मोजायचं. डब्याची पुढची चाकं टकटक, मागची चाकं टकटक. पोराने बरोबर आकडा सांगितला की अण्णा त्याला डब्यातला गूळ द्यायचे.

या केबिनखालीही असा एक जोड होता, बऱ्यापैकी सैल. देवदत्तचे डोळे गेले तेव्हा त्याला तो ऐकू यायला लागला. इंजिनाचा जड गडगडाट, मग चार डब्यांच्या आठ टकटक. आठ झाल्या की तो रजिस्टरवर वाकायचा आणि खूण करायचा. पहिल्या रविवारी खूण करायला वेळ लागला. तिसऱ्या रविवारी नाही. पूर्वेकडून दिवसाला आठ गाड्या यायच्या. आकडा एकदाही चुकला नाही.

मोजणं म्हणजे पाहणं नव्हे, हे दौंडच्या केबिनमनच्या मुलाला सांगायची गरज नव्हती. आठवी टकटक डब्याची असते, पाटीची नसते. तरी तो खूण करत राहिला. नोव्हेंबरपर्यंत, एवढंच त्याने ठरवलं होतं. नोव्हेंबरनंतर काय, याचा विचार तो करत नसे.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मराठी मंडळाची सहल ठरली. आइंडहोवनच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातला सुदर्शन मंडळाचा सचिव. त्याने अख्खी डिझेल गाडीच ठरवली. बेचाळीस माणसं, पोह्यांचे दोन मोठे डबे, आणि जयंती. संहितालाही तिने बोलावलं होतं, ती आली नाही.

त्या दिवशी साडेदहाला हर्मेन केबिनच्या पायऱ्या चढून वर आला. सत्तरीचा, उंच, निवृत्त सुतार.

"तुझ्यासाठी एक भेट आहे," तो म्हणाला. "ओळख बघू."

"केक?"

"केक कसला! तुझ्या खिडकीखालचा तो खडखडाट. काचा हलायच्या तुझ्या. गुरुवारी पोरांना घेऊन आलो, वेल्डिंग करून जोडच काढून टाकला. आता इथून गाडी लोण्यासारखी जाईल. कॉफी सांडायची नाही."

देवदत्तने आभार मानले. डचमध्ये आभार मानायला दोन शब्द पुरतात.

हर्मेन प्लॅटफॉर्मवर गेला. देवदत्तने पूर्वेची खिडकी उघडली. वीस मिनिटं होती. लांब कुठेतरी दुसरा जोड असणार, पण इंजिनाच्या आवाजात तो इथे ऐकू येणार नाही हे त्याला कळत होतं. तरी तो कान देऊन उभा राहिला. प्लॅटफॉर्मवरून मराठी बोलणं आणि लहान मुलांचं डच ओरडणं येत होतं.

दहा त्रेपन्नला गाडी आली. इंजिन धडधडत खिडकीखालून गेलं, वाफेचा उबारा चेहऱ्यावर आला, आणि त्यामागे एकसारखा घरंगळणारा आवाज. त्यात ना सुरुवात ना शेवट. त्याने मान वळवून डोळ्याच्या कडेने पाहायचा प्रयत्न केला. काहीतरी तांबूस सरकलं. डबेही तांबूसच होते. मग समोर झाडांचा हिरवा रंग आला आणि गाडी प्लॅटफॉर्मला लागल्याचा ब्रेक ऐकू आला.

आता त्याने डिझेल गाडीसाठी सात नंबरची लिव्हर ओढायची होती. फडकं हातात होतं. गाडी अख्खी असणार. अण्णांच्या छत्तीस वर्षांत होती, त्याच्या सहा वर्षांत होती. त्याने लिव्हरवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

चार मिनिटं गेली. सुदर्शन प्लॅटफॉर्म उतरून केबिनच्या खाली आला.

"काय देवदत्तराव, दौंडचं आउटर समजू का हे?"

मागून हशा आला. कुणीतरी ओरडलं, "आपला माणूस बसवला की गाडी लेट! टॅलेंट आहे टॅलेंट!"

"पोहे गार होतायत हो," सुदर्शन म्हणाला. "चहापाणी पाठवू का वर, साहेब? सोडता का मग?"

"गाडीत बस, सुदर्शन."

आवाज ऐकून जयंती गाडीतून उतरली. खिडकीखाली एक निळी साडी येऊन थांबली. वरचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

"देवा, काय झालं?"

"काही नाही. तू आत बस."

ती गेली नाही. टेलिफोन वाजला.

"सिग्नल?" हर्मेन म्हणाला.

"पाटी दिसली नाही."

"मी पाटीच्या शेजारी उभा आहे. हात लावतो आहे तिला. सोड गाडी." मग जरा थांबून, "दिसली कशी नाही? ऊन तर तुझ्या पाठीला आहे. लिहीत होतास का?"

लिहीत होतो, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. हर्मेनने शब्द हातात दिला होता. पण त्या दिवशी अजून सात गाड्या यायच्या होत्या, पुढची बावन्न मिनिटांनी. प्रत्येक वेळी लिहीत होतो म्हणता आलं नसतं. देवदत्तने हिशोब केला तो एवढाच. पुढे मंडळात कुणी त्याला प्रामाणिकपणा म्हटलं, पण तो शब्द त्याच्या मनात आला नव्हता.

"हर्मेन," तो म्हणाला, "तू वर ये."

हर्मेनने ऐकून घेतलं. मग रजिस्टर ओढून पानं मागे उलटायला लागला. देवदत्तला पानांचा आवाज येत होता.

"ही खूण?"

"ऐकून."

"ही?"

"तीही."

"कधीपासूनच्या?"

"गेल्या वर्षीचा जुलै."

हर्मेनने रजिस्टर मिटलं. "तीस वर्षं मी गावात सांगत फिरतो, हे खेळणं नाही, ही रेल्वे आहे," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तू मला सांगितलं असतंस, तर मी तुझ्याशेजारी बघणारा एक माणूस बसवला असता. तू लिव्हर ओढल्या असत्यास, त्याने पाटी बघितली असती. एवढंच होतं."

हे देवदत्तला चौदा महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

हर्मेनने सात नंबरची लिव्हर उघड्या तळहाताने ओढली. डिझेल गाडी निघाली. जयंती तिच्यात नव्हती. खाली सायकलींपाशी ती त्याची वाट पाहत उभी होती. हर्मेनने रेल्वेचा बिल्ला मागितला नाही, देवदत्तने स्वतःच काढून टेलिफोनजवळ ठेवला. फडकं चुकून खिशात राहिलं. दोघं सायकलवरून घरी आली, ती पुढे, तो तिच्या निळ्या रंगामागे.

रेल्वेने दोन रविवार गाड्या बंद ठेवल्या आणि आपल्याच लोकांची चौकशी समिती नेमली. मंडळातून आधी फोन आले, मग ते कमी झाले. सुदर्शन एकदा येऊन गेला, दौंडवरून विनोद केला नाही, चहा अर्धा ठेवून उठला. संहिताचा फोन आला तो आईला. ती बराच वेळ डचमध्ये बोलत होती आणि जयंती फक्त "हो" म्हणत होती.

ऑक्टोबरात पत्र आलं. देवदत्तला आता एवढं बारीक वाचता येत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जयंती मोठ्याने वाचायला लागली. डच वाचताना ती प्रत्येक शब्द सुटा उच्चारते. त्याचं नाव कायमचं वगळल्याचं होतं. नोव्हेंबरची तपासणी रद्द झाल्याचं होतं. रजिस्टरच्या तपासणीत एकोणचाळीस रविवारांच्या नोंदी खोट्या आढळल्या, एकूण तीनशे बारा गाड्या. इथे ती थांबली.

"तीनशे बारा?"

"हो."

"चालेल म्हणाले होते."

बाहेर शेजाऱ्याने कचऱ्याचा डबा रस्त्याकडे ओढत नेला.

"त्यातल्या किती गाड्यांत मी होते?"

त्याला आठवावं लागलं नाही. दिवाळीआधीच्या रविवारी तिची बहीण पुण्याहून आली होती, तिला घेऊन जयंती गाडीत बसली होती. मे महिन्यात संहिताचा वाढदिवस होता, तेव्हा तिघंही हौसेने पूर्वेच्या टोकापर्यंत जाऊन आली होती, म्हणजे त्या दोघी गाडीत आणि तो वर केबिनमध्ये. दोन्ही वेळा दोन-दोन फेऱ्या, दर फेरीत एकदा पूर्वेकडून.

"चार," देवदत्त म्हणाला. "दोनांत संहिता होती."

जयंतीने पत्राची घडी घातली. अजून एक पान वाचायचं राहिलं होतं. ते तिने वाचलं नाही, आणि त्यानेही वाच म्हटलं नाही.