नाच मोजत नाहीत

डोरिका काम्बेवाला नाचाचा कंटाळा नेमका कधी आला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तो एका दिवसात आला नव्हता. शाळेच्या मैदानावर तिला पहिल्यांदा नाचायला उभं केलं, तेव्हा मलावी देशात एकच पक्ष होता आणि त्याचा म्हातारा पुढारी स्वतःला साऱ्या बायकांचा मामा म्हणवून घेई. मामा आला की भाच्यांनी नाचायचं. जी नाचणार नाही तिला बाजारात बसू देत नसत. पुढे ते राज्य गेलं, ढीगभर पक्ष झाले, निवडणुका आल्या, आता सगळं मोकळं झालं असं लोक म्हणू लागले. बायकांच्या कमरेच्या कापडावर छापलेला पुढाऱ्याचा चेहरा दर काही वर्षांनी बदलत गेला. नाच तेवढा राहिला. डोरिकाचा आवाज खणखणीत, म्हणून गाणं उचलायचं काम तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. आधी ती पाठीला लेक बांधून नाचली, मग लेकीचं मूल बांधून.

एरवी ती बाजारात सरोवरातली बारीक सुकी मासळी विकत बसे. बाजारात बायकांना आडोसा नव्हता. मका उभा असेपर्यंत कसंबसं निभावायचं. कापणी झाली की सगळं रान उघडं. पालिका रोज बसायची पावती फाडायची, पण संडास काही बांधायची नाही. डोरिकानं यावर गाणं रचलं होतं. प्रत्येक सभेत ती ते म्हणायची. पुढारी हसायचे, टाळ्या वाजवायचे, एखादा खाली उतरून तिच्या हातात नोट ठेवायचा आणि गाडीत बसून निघून जायचा.

अशात परदेशातल्या एका संस्थेनं इथले पक्ष मजबूत करायचं मनावर घेतलं. इथली लोकशाही अशक्त आहे, कारण पक्ष अशक्त आहेत, असं त्या लोकांचं निदान होतं. डोरिकाच्या पक्षाच्या जिल्हा कचेरीत संगणक आले, छपाईचं यंत्र आलं, खुर्च्या आल्या. त्या बदल्यात पक्षानं दोन गोष्टी कबूल केल्या : बायकांना उमेदवारी द्यायची, आणि उमेदवार निवडायचा तो पेटीत चिठ्ठ्या टाकून. आजवर इच्छुकांना मैदानात उभं करत, लोक ज्याच्या त्याच्या मागे रांग लावत आणि रांगा मोजत. कोण कुणाच्या मागे उभं आहे ते सगळ्यांना दिसे. संस्थेनं उमेदवारीच्या शिबिराला बायका पाठवा म्हटल्यावर पक्षाचे सचिव चिकोपा यांनी हाताशी होत्या त्याच बायका पाठवल्या. म्हणजे नाचणाऱ्या.

शिबीर घेणारी तडाला ही शहरातली मुलगी, संस्थेत नोकरीला. ती डोरिकाला म्हणाली, "मावशी, उमेदवार नाचत नाही. उमेदवार उभा राहतो." मग तिनं डोरिकाला बाजारातल्या अडचणीवर बोलायला लावलं, गाण्याशिवाय. डोरिकाची जीभच वळेना. ताल नसताना हात कुठं ठेवायचे तेही तिला कळेना. कसंबसं बोलून झालं तेव्हा संस्थेच्या गोऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि डोरिकाचं मन खट्टू झालं. टाळ्यांनंतर काय होतं ते तिला ठाऊक होतं. पण तडालानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं विचारलं, संडास बांधायला खर्च किती, जागा कुणाची, पालिकेत आधी कुणाशी बोलणार? इतक्या वर्षांत डोरिकाच्या बोलण्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारला नव्हता. बहुधा त्या प्रश्नामुळेच डोरिका पालिकेच्या उमेदवारीसाठी उभी राहिली.

समोर होता खतं-बियाणं विकणारा सिकेलो. निवडीच्या दिवशी सकाळपासून माणसं शाळेच्या मैदानात जमली. टेबलावर संस्थेची पारदर्शक पेटी ठेवलेली. संस्थेची गाडीही आली होती. तडाला आणि त्या बाई सावलीत बसल्या होत्या. पण पक्षाचे विभागप्रमुख आल्याशिवाय सुरुवात करता येत नव्हती आणि ते काही येत नव्हते. बायकांनी आणलेली मक्याची आंबील संपली. पोरं रडून झोपली. ऊन कलायला लागलं तशी तडाला कावरीबावरी झाली. अंधारापूर्वी गाडी शहरात पोचली पाहिजे, असा संस्थेचा नियम होता.

"मावशी, पेटी आहे ना इथं," ती डोरिकाला म्हणाली. "पेटीनंच करा म्हणावं."

डोरिका बरं म्हणाली. आणखी काय म्हणणार?

त्या गाडीचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच विभागप्रमुखांची गाडी आली. संस्थेची माणसं गेल्याचं चिकोपांनीच फोन करून कळवलं असेल, अशी कुजबुज झाली. हॉर्न वाजला आणि सवयीनं बायका उठल्या, कापडं सारखी केली, ढोल सरसावले, आणि सगळ्यांनी डोरिकाकडे पाहिलं.

डोरिका जागची हलली नाही.

"उचल की गं," तिची जुनी मैत्रीण फॅनेसी म्हणाली. फॅनेसी बाजारात तिच्याच शेजारी बसायची.

"आज मी उभी आहे," डोरिका म्हणाली.

गाडीचं दार उघडलं. कसला आवाज नाही. विभागप्रमुखांनी चिकोपांना विचारलं, गावात मयत झालंय की काय? चिकोपांचा चेहरा पाहून फॅनेसी घाबरली आणि तिनंच गाणं उचललं. ते भलतंच वर लागलं, पण लागलं. बायका गाडीभोवती नाचू लागल्या.

मग सगळं भराभर झालं. विभागप्रमुख म्हणाले, उशीर झालाय, पेटी बाजूला ठेवा, रांगा लावा. सिकेलोच्या मागे पुरुषांची रांग लागली. डोरिकाच्या मागे तिचे एक दीर, सुईण म्हातारी आणि मोजकी माणसं. बायका अजून नाचतच होत्या. डोरिकानं चिकोपांना सांगितलं, जरा थांबा, बायका अजून नाचतायत.

"त्या पक्षाच्याच आहेत," चिकोपा म्हणाले. "साहेबांसमोर त्यांना मध्येच कशाला थांबवता?" आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली.

डोरिकानं बायकांना नावानं हाका मारल्या. ढोलांपुढे तिची हाक कुठं ऐकू जाणार? तिनं पुन्हा हाक मारली, तीही वाया गेली. मग तिनं डोळे मिटले आणि बाजाराचं गाणं उचललं.

ढोल थबकले, मग त्या गाण्यावर आले. बायका वळल्या. एकीच्या कमरेवर दुसरीचा हात, अशी माळच्या माळ नाचत मैदान ओलांडून आली आणि डोरिकाच्या मागे रांगेला लागली. रांग फुटबॉलच्या खांबापर्यंत गेली, तिथून वळली. मोजता मोजता चिकोपा थांबले. सिकेलोनं मागे वळून आपली रांग पाहिली. ती पुष्कळ तोकडी होती.

विभागप्रमुख हसत पुढे आले. "ही रांग नव्हे, डोरिकाबाई. हा तर नाच आहे."

लोक हसले. डोरिकाच्या रांगेतल्याही काहीजणी हसल्या.

"उभ्या आहेत ना साहेब?" डोरिका म्हणाली. "मोजा की."

"नाच कधी कुणी मोजतं का? तुम्ही गाणं म्हटलं, त्या आल्या. उद्या सिकेलोनं ढोल वाजवला तर त्याच्याकडे जातील."

नावानं हाका मारल्या तेव्हा कुणाला ऐकू आल्या नव्हत्या, हे डोरिकाला सांगायचं होतं. पण ते सांगायला पुन्हा ताल धरावा लागेल असं तिला वाटलं, आणि तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं. वाद झाला आहे, निर्णय कचेरीत होईल, असं चिकोपांनी जाहीर केलं. कचेरीत म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. लोक सिकेलोचा हात हातात घेऊ लागले.

विभागप्रमुख गाडीजवळ जाऊन थांबले. निरोपाचं एक होऊन जाऊ दे, म्हणाले. डोरिकाबाई, तुमच्या आवाजाला तोड नाही. बायकांची रांग अजून मोडली नव्हती. डोरिका रांगेच्या पुढे उभीच राहिली. फॅनेसीनं खाली पाहिलं. ढोलवाल्या बाईनं ढोल पाठीवर टाकला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, थोडी थांबवली, मग नेली.

घरी जाताना फॅनेसी डोरिकाच्या बरोबरीनं चालत होती. नदीच्या उतारावर म्हणाली, "मघाशी मी गाणं उचललं, राग नाही ना आला?"

"फार वर लावलंस."

"सवय नाही गं मला."

"होईल."

फॅनेसी वाटेतच थांबली. "मला नको ते काम," ती म्हणाली.

"मलाही नकोच होतं," डोरिका म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उतार उतरू लागली.